न दिसणारे तीनशे ऐंशी शब्द

बाईंनी पडद्यावरचा माझा निबंध वरपासून खालपर्यंत निवडला, रंगांच्या चौकटीत काळ्यावर टिचकी मारली, आणि निबंधाखालच्या कोऱ्या जागेत एकदम अक्षरांची पलटण उभी राहिली.

"हे काय आहे?"

"अक्षरं," मी म्हणाले.

गेल्या वर्षीपर्यंत असलं उत्तर माझ्या तोंडून आलंच नसतं. हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही, आणि त्यापायी दोनदा मी वर्गात बसलेली असताना माझी गैरहजेरी लागली होती. हल्ली मी बोलते. कधीकधी जरा जास्तच.

"पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं," बाई म्हणाल्या. "डोळ्यांना तीनशे अकरा शब्द दिसतात. कॉम्प्युटर मोजतो सहाशे एक्क्याण्णव. मर्यादा आहे पाचशेची. मग मला वाटलं, बघावं तरी खाली कोण लपलंय."

सगळी शाळा त्यांना एक्स-रे बाई म्हणते. मोठ्या कॉलेजांना जाणारे अर्ज त्यांच्या हातून जातात. निबंध आपण लिहायचा, शिफारसपत्र त्या लिहिणार, आणि दोन्ही एकत्र शाळेच्या ऑफिसमधून रवाना होणार. मला ज्या कॉलेजात जायचंय तिथे शंभर अर्जांतले तीन घेतात. बाईंच्या पत्राशिवाय गेलेला अर्ज तर उघडतही नाहीत. उद्या संध्याकाळी चारला मुदत संपत होती.

"लोक असं का करतात, माहीत आहे तुला?" बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांना जास्त दिसतं असं आमचं मत आहे. "पहिली चाळणी कॉम्प्युटर लावतो. त्याला नेतृत्व, समाजकार्य, संशोधन असले शब्द सापडले की तो अर्ज पुढे ढकलतो. म्हणून काही हुशार लोक असले शब्द पांढऱ्या रंगात लिहून ठेवतात. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. कॉलेजनं यंदा स्पष्ट कळवलंय, असं सापडलं तर अर्ज बाद. आणि शाळेवरही खूण."

"बाई, मी हे केलेलं नाही."

"मग कोणी केलं?"

मी पडद्याकडे वाकले, आणि खरा धक्का मला तेव्हा बसला. वरचा, दिसणारा निबंधच मी पाठवलेला नव्हता! विषय माझाच होता. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या जिन्याखाली एक टेबल टाकते आणि पोरांचे उसवलेले खिसे, तुटलेली बटणं, दप्तरांच्या चेनी दुरुस्त करून देते. वर्षभरात एकशे त्रेचाळीस वस्तू झाल्या. त्याच टेबलानं मला बोलायला शिकवलं, कारण फाटकी पॅन्ट घातलेला मुलगा स्वतःहून काही बोलत नाही, आपल्यालाच विचारावं लागतं. पण पडद्यावरची वाक्यं मी कधी वाचलीच नव्हती. 'मी बटणं लावून देते.' 'खिसा आतून फाटला तर बाहेरून दिसत नाही, म्हणून विचारावं लागतं.' छोटी छोटी, तुटक. आणि मी पाठवलेली ऐटबाज वाक्यं खाली पांढऱ्या रंगात पडली होती. 'शाश्वत वस्त्रचळवळीची संस्थापक या नात्याने मी शेकडो विद्यार्थ्यांच्या जीवनाला नवी दिशा दिली.' ती तिथे सगळी होती, जशीच्या तशी.

"मी सोमवारी सकाळी फाईल पाठवली, तेव्हा उघडून पाहिली नाही," मी म्हणाले. "रविवारी रात्री जेवणाआधी पूर्ण केली होती, तीच आहे असं धरून चालले."

"म्हणजे तुझ्या सहीचा निबंध तू न वाचता पाठवलास."

बाईंनी छापील प्रत माझ्या हातात दिली. त्यात पांढरी अक्षरं त्यांनी करड्या रंगात छापून घेतली होती.

"उद्या दुपारी बाराला ये. कोणी केलं ते कळलं पाहिजे. नाही कळलं तर माझी सही विसर."

मी बाहेर आले आणि व्हरांड्यातच संशयितांची यादी केली. यादी लांब नव्हती. फाईल आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर होती, आणि मी निबंध पूर्ण केल्यावर त्या कॉम्प्युटरला हात लावलेली बाहेरची व्यक्ती एकच होती. नव्याण्णव.

नव्याण्णव माझ्या वर्गात आहे. सहावीत तिला शंभरातले नव्याण्णव मिळाले आणि ती मुख्याध्यापकांच्या दारात बसून रडली, तेव्हापासून तिचं हेच नाव. तीही त्याच कॉलेजला अर्ज करतेय, आणि एका शाळेतून ते एकालाच घेतात अशी बोलवा आहे. रविवारी तिच्या घरचा प्रिंटर बिघडला म्हणून ती रात्री, आमची जेवणं झाल्यावर, दुकानात येऊन आपले फॉर्म छापून गेली होती. वीस मिनिटं एकटी बसली होती. मी तिला बिस्किटंही दिली होती!

ती जिन्यात सापडली.

"रविवारी माझी फाईल उघडलीस?"

"तुझी कुठली फाईल?"

मी छापील प्रत तिच्या नाकासमोर धरली. ती वाचायला लागली. तिचं वाचणं म्हणजे परीक्षेचं वाचणं, ओठ हलतात. मी तिच्या चेहऱ्यावरची रेष न् रेष तपासत होते. एकदा तिच्या भुवया वर गेल्या. एकदा ती चक्क हसली.

"काय हसतेस?"

"'वस्त्रोद्योगाशी निगडित कुटुंबाची वारसदार'? अगं, तुमचं अल्टरेशनचं दुकान आहे. माझ्या भावाच्या पॅन्टची उंची तुझ्या आईनं तीनदा वाढवलीय."

"ते सोड. हे तू केलंस का?"

"हे बघ, मला तुला पाडायचं असतं ना, तर मी आख्खा निबंध पांढरा केला असता. वरचा अर्धा चांगला करून ठेवायला मला काय वेड लागलंय?"

"चांगला?"

"वरचा चांगलाच आहे." ती पुन्हा वाचायला लागली. मग तिनं डोळे बारीक केले आणि आता तीच माझ्याकडे संशयानं बघायला लागली. "पण हा तू लिहिलेला नाहीस."

"कशावरून?"

"तू एवढं कमी बोलत नाहीस."

मला राग आला, पण तिचं चुकलं नव्हतं. आणि एक गोष्ट मला पटली. नव्याण्णव दुसऱ्याचं काम सुधारून देणाऱ्यांतली नाही. तिचा खोडरबरसुद्धा ती कोणाला देत नाही.

राहिला पॉलिश. त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, पण खालची पांढरी वाक्यं त्याचीच होती.

पॉलिश म्हणजे माझा अर्ज-सल्लागार. बाजाराच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस आहे, एका बाजूला दातांचा दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला शिकवणी. भिंतभर हसऱ्या मुलामुलींच्या फोटोफ्रेमा, खाली कॉलेजांची नावं. त्यातली एक मुलगी मला फ्रेमच्या दुकानातही दिसली होती, विकायच्या कोऱ्या फ्रेमांमध्ये, हेच हसू आणि हाच पिवळा स्वेटर. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण तेव्हा तो माझ्याबद्दल इतकं छान बोलत होता की मी भिंतीकडे बघणंच सोडून दिलं. 'तुझ्यात मोठी गोष्ट आहे,' तो म्हणाला होता, 'फक्त ती नीट मांडलेली नाही.' मग चार बैठकांमध्ये त्यानं ती मांडली. टेबलाची चळवळ झाली, माझी संस्थापक झाली, दुकानाचा वस्त्रोद्योग झाला. प्रत्येक वेळी तो विचारायचा, 'चालेल ना?' आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, 'चालेल.' हे मी नंतर कोणाला सांगताना गाळते, पण इथे गाळत नाही.

मी आत गेले तेव्हा त्यानं आधी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"रेकॉर्ड करतेयस का?"

"नाही. का, करायला हवं?"

"तसं नाही... बस, बस."

मी प्रत त्याच्या टेबलावर ठेवली आणि बाई काय म्हणाल्या ते सांगितलं. तो करड्या ओळींवरून बोट फिरवत गेला. जसजसं बोट खाली गेलं तसा त्याचा चेहरा लाल होत गेला.

"माझी वाक्यं खाली टाकली? ही तर सगळ्यात चांगली होती!"

"तुम्ही लपवली नाहीत?"

"मी कशाला लपवू? मी शब्द घालतो, लपवत नाही. माझा धंदा दिसण्याचा आहे." मग तो पुढे झुकला आणि आवाज खाली आला. "हे बघ, घाबरू नकोस. माझ्या लेटरहेडवर मी लिहून देतो की फाईल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेताना कॉम्प्युटरचा घोटाळा झाला. असं होतं कधीकधी."

"पण झालंय का तसं?"

"तुला सही हवीय की खरं काय ते हवंय?"

मी गप्प बसले. हल्ली मी गप्प बसते तेव्हा समोरच्याला भीती वाटते, हे मला नव्यानं कळलंय. तो घाईघाईनं म्हणाला, "आणि हे बघ, माझं नाव कशाला घ्यायचं बाईंसमोर? मी फक्त भाषा तपासली. एवढं बोलायचं. मूळ फाईल उघड, शेवटचा बदल कधी झाला ती वेळ तिथे असते. ती बघ, आणि मग मला फोन कर. कोणाला काही सांगण्याआधी मला फोन कर."

शेवटचं वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. पत्र त्यानं तिथेच छापलं, शिक्का मारला आणि पाकिटात घालून दिलं. ते दप्तरात ठेवताना मला ते कोणा दुसऱ्याच्या घरातून उचलल्यासारखं वाटलं.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर आणि कॉम्प्युटर, मध्ये दोन शिलाई मशिनं आणि कडा बांधायचं एक ओव्हरलॉक, मागे इस्त्रीचं टेबल. मशिनवर आई, इस्त्रीवर मावशी. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, पण बोलण्यात आईच्याच नव्हे, सगळ्या गल्लीच्या वरचढ.

"आल्या विदुषी," मावशी वाफेतून म्हणाली. "काय गं, तोंड असं का? कॉलेजनं आधीच नाही म्हटलं की काय?"

मी काही न बोलता फाईल उघडली. शेवटचा बदल, सोमवार, सकाळी सहा चाळीस. सहा चाळीसला मी अंघोळीला होते. शटर कोणी उघडलं होतं? मावशी साडेआठला येते, तेही 'उशीर झाला नाही ना' असं विचारत. बाबा त्या आठवड्यात गाडी घेऊन परगावी होते.

मी हळूच मान वळवली. आई एका पॅन्टची कंबर उसवत होती. टोकदार पात्यानं टाका उचलायचा, कापायचा, पुढचा उचलायचा. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आणि मला पहिल्यांदा वाटलं, हा चेहरा जरा जास्तच कोरा आहे.

पण आई? आईला कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या पावत्या सोडून काही येत नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले होते.

तेवढ्यात एक गृहस्थ आले, आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांचं पोट दारातून आधी आत येतं. "झाली का हो पॅन्ट?"

"झाली झाली. हिला पावती काढायला सांगते," आई म्हणाली.

मी त्यांचं पान उघडलं. उंची, मांडी, कंबर. कंबर एकशे चार. त्या आकड्याच्या बाजूला बरीच मोकळी जागा सोडली होती, उगाचच. सकाळपासून मला कोरी जागा दिसली की तिच्यात कोण लपलंय असं वाटत होतं. मी ओळ निवडली आणि रंग काळा केला.

कंबर ९४, ९७, ९७, १००, १०४.

मी पटकन जुने आकडे पुन्हा पांढरे केले आणि पावती छापली. गृहस्थांनी एकशे चार वाचलं, "जैसे थे, नाही का?" म्हणाले आणि खुशीत गेले.

"आई," मी म्हणाले, "जुनी मापं पांढरी करून ठेवतेस?"

"मग! एकदा एकांनी मागच्या वर्षीची कंबर वाचली आणि पॅन्ट इथेच टाकून गेले. परत आलेच नाहीत. पण मापं मला लागतात ना. पुसून कशी टाकणार?"

"माझा निबंध तू बदललास."

पातं थांबलं. मावशीनं इस्त्री उभी ठेवली. आमच्या दुकानात इस्त्री उभी राहिली म्हणजे प्रकरण गंभीर.

"हो," आई म्हणाली. "ढगळ होत होता."

"काय?"

"रविवारी तू जेवायला गेलीस तेव्हा पडद्यावर होता. वाचला. खांदे कुठल्या कुठे उतरलेले, बाह्या हाताच्या खाली लोंबतायत. तुझ्या मापाचाच नव्हता तो. सकाळी लवकर आले आणि आत घेतला. तू घरी येऊन जसं सांगतेस ना, खिशाचं आणि बटणांचं, तसं घातलं."

"आणि मग खाली ते सगळं? ते काढून का नाही टाकलंस?"

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पहिल्यांदाच दुकानात पाऊल ठेवलंय.

"काढून? कपडा आत घेतला की जास्तीचं कापड कोणी कापून टाकतं का? आत माया ठेवायची असते. उद्या कमी पडलं, तुझे ते सल्लागार सर म्हणाले अजून पाहिजे, तर सोडता आलं पाहिजे."

माया. शिवणीच्या आत दुमडून ठेवतात ते जादा कापड. हा शब्द मी चालायच्या आधीपासून ऐकतेय. 'दोन बोटं माया ठेव गं', 'यात मायाच नाही, सोडू कसं?' आणि माझ्या आईनं त्या दोन बोटांच्या हिशेबानं माझा अर्ज बाद व्हायची वेळ आणली होती.

मग मी फुटलेच. बाई काय म्हणाल्या, चाळणी, यंत्र, बाद, उद्या बारा, सगळं एका दमात. शेवटी माझा आवाज इतका चढला की समोरच्या चपलांच्या दुकानातला माणूस डोकावला.

"आणि मला विचारलं का नाहीस? लपूनछपून कशाला?"

आईनं पॅन्टमधला उसवलेला एक दोरा ओढून काढला. "विचारणार होते," ती म्हणाली. "पण त्यात लिहिलं होतं, वस्त्रोद्योगाशी निगडित कुटुंब. मला वाटलं, हिला आता दुकान सांगायची लाज वाटायला लागली. मग काय विचारणार? तू म्हणाली असतीस, नाही गं आई, आणि मला ते खरं वाटलं नसतं."

म्हणजे मी दिवसभर सगळ्यांवर संशय घेत फिरत होते, आणि रविवारपासून आमच्याच दुकानात माझ्यावर संशय होता. मी म्हणायला गेले, 'नाही गं आई.' आणि तोंड उघडं ठेवून थांबले. कारण 'चालेल' मीच म्हणाले होते. चार वेळा.

"सरांनी घातलं ते," मी म्हणाले. "पण मी चालवून घेतलं."

मावशीनं नाक मुरडलं. "मला बाई पहिल्यापासून तो माणूस आवडला नव्हता. इतकं गुळगुळीत बोलतो. इस्त्री केल्यावर चमक येते ना कापडाला, तसा. ती चमक म्हणजे कापड जळल्याची खूण असते."

मी पॉलिशचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं आणि त्यात काय आहे ते सांगितलं. आईनं ते उघडलं नाही.

"हे दिलंस तर सही मिळेल?"

"बहुतेक."

"आणि बाईंनी विचारलं की निबंध कोणी लिहिला?"

"मग मला म्हणावं लागेल, मी. तसं मी अर्जावर सही करून दिलंय."

"तो तू लिहिलेला नाहीस," आई म्हणाली. "सरांचाही नाही आता. माझा तर नाहीच. उद्या मी येते. घोळ मी घातलाय."

दुसऱ्या दिवशी बाराला आम्ही दोघी एक्स-रे बाईंच्या खोलीत उभ्या होतो. पाकीट माझ्या दप्तरात होतं. मी ते घरी ठेवलं नव्हतं, हे कबूल करते.

"तुम्ही मुलीचा निबंध बदललात?" बाईंनी आईला विचारलं.

"बदलला नाही हो. बसवला."

"आणि बाकीचं लपवलंत."

"लपवलं नाही. आत घेतलं. आत माया ठेवली."

बाईंचा चेहरा मऊ झाला, आणि मला कळलं की गाडी भलत्याच रुळावर गेली. "आईची माया असणारच," त्या म्हणाल्या. "ती मला समजते. पण इथे मायेचा प्रश्न नाही, फाईलचा आहे."

"मीही फाईलचंच सांगतेय," आई म्हणाली.

"अहो, पण माया कितीही असली तरी नियम—"

"कितीही नाही. दोन बोटं पुष्कळ झाली."

बाईंनी चष्मा काढला. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे. आम्ही ठरवून काहीतरी सोंग करतोय, असा त्यांचा समज झाला होता हे उघड होतं. मी तोंड उघडणार तोच आई पुढे झाली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलेला बाईंचा कोट तिनं उचलला. विचारलंसुद्धा नाही! बाहीची कड उलटी केली.

"ही बघा. ही माया. हा कोट एकदा सोडलाय, इथे जुन्या शिवणीची रेघ आहे. आत अजून बोटभर आहे. दिसत नाही, पण कोणी लबाडी म्हणेल का याला?"

बाई बाहीकडे वाकल्या. त्यांनी बोटानं कापड चाचपलं. बराच वेळ.

"कापडात ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "कॉलेजच्या यंत्राला कापड कळत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "आणि खाली आहेत ती वाक्यं? ती कोणाची?"

आता आलं. पाकीट दप्तरात पाठीला टोचत होतं. कॉम्प्युटरचा घोटाळा, एवढे दोन शब्द. आई माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम कोटाची बाही सरळ करत होती.

"सल्लागाराची," मी म्हणाले. "मी त्यांना चालेल म्हणाले. माझी त्यात फक्त आकडेवारी आहे. एकशे त्रेचाळीस हा आकडा खरा आहे. वरची वाक्यं आईची आहेत. मी अर्जावर सही केली की हा निबंध पूर्णपणे माझा आहे. तो माझा नाहीये."

माझे कान गरम झाले होते, पण आवाज फुटला होता आणि शेवटपर्यंत फुटलेलाच राहिला.

"मग मी सही कशावर करू?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही, बाई."

त्यांनी नियमांचं पुस्तक ओढलं, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "हाताने लिहिलेला निबंध चालतो, स्कॅन करून. साडेतीनला ऑफिस पाठवणार. इथे बस, माझ्यासमोर. फोन टेबलावर ठेव. दप्तर बाहेर." आणि आईला, "तुम्ही खोलीच्या बाहेर थांबा. खिडकीपासूनही लांब."

"मी कशाला खिडकीतून सांगू?" आई म्हणाली.

"तुम्ही न सांगता कोट उचलता," बाई म्हणाल्या.

मग मी लिहायला बसले. पहिली वीस मिनिटं वाया गेली, कारण पेन टेकवलं की पॉलिशची वाक्यं यायची, आणि ती झटकली की आईची यायची. आईची जास्त त्रास देत होती. ती चांगली होती. 'मी बटणं लावून देते' याहून मला काही सुचेना, पण ते तिचं होतं. शेवटी मी एका मुलाबद्दल लिहिलं, जो तीन दिवस टेबलासमोरून नुसता जात होता. चौथ्या दिवशी मी त्याला हाक मारली. ती माझी शाळेतली पहिली मोठ्यानं मारलेली हाक. त्याचा खिसा फाटला नव्हताच, त्याला नुसतं बसायचं होतं. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं, सल्लागाराला तर नाहीच. मग आमच्या दुकानाबद्दल लिहिलं, अल्टरेशनचं दुकान असंच लिहिलं, आणि ते कुठल्या निबंधातून गायब झालं होतं आणि कोणी होऊ दिलं होतं, तेही. चार ठिकाणी खाडाखोड झाली. दोन वाक्यं नको तितकी लांब झाली, ती तशीच ठेवली.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी कागद दिला. बाईंनी पेन्सिलीनं शब्द मोजले. मग वाचला. मग खाडाखोडीवर नखानं टकटक केलं.

"या मुलाचं नाव काय?"

"ते नाही सांगणार. त्याला विचारलेलं नाही मी."

"असा मुलगा आहे?"

"आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. मागच्या वर्षी मी नक्की खाली पाहिलं असतं.

त्यांनी खणातून शिफारसपत्र काढलं. ते आधीच टाईप केलेलं होतं, अर्धं पान. त्या एक शब्दही न बोलता खाली पेनानं लिहायला लागल्या. डावा हात कागदावर आडवा धरला होता. मी मान लांब केली, त्यांनी हात आणखी पुढे सरकवला. एक ओळ झाली. दुसरी झाली. दुसरीच्या मध्ये त्या थांबल्या, माझा निबंध उचलून पुन्हा कुठलीशी ओळ वाचली, आणि तिसरी सुरू केली.

"बाई, काय लिहिताय?"

"गोपनीय असतं ते."

"चांगलं आहे का?"

"तू खोटं बोलू शकत होतीस, ते लिहितेय. चांगलं की वाईट ते त्यांनी ठरवायचं."

सही केली, शिक्का मारला, दोन्ही कागद घेऊन त्या स्वतः ऑफिसकडे निघाल्या. मी मागोमाग गेले, तर त्यांनी काचेचं दार माझ्या तोंडावर लावून घेतलं. काचेतून मला स्कॅनरचा हिरवा उजेड एकदा सरकताना दिसला, मग दुसऱ्यांदा. क्लार्कनं मान हलवली.

आई व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कुठल्याच खिडकीजवळ नाही अशी जागा शोधून उभी होती.

"काय म्हणाल्या?"

"पाठवला."

"आणि पत्रात काय लिहिलं?"

"दाखवत नाहीत," मी म्हणाले. "तीन ओळी वाढवल्या. हातानं झाकून."

आईनं ऑफिसच्या बंद दाराकडे पाहिलं. "तीन ओळी?" ती म्हणाली. "लहान होत्या की मोठ्या?"